नकोशी नोकरी, सोडवत नाही आणि करवत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात समुपदेशनाचं काम करताना एक वाक्य मी सतत ऐकते: "नोकरी सोडवत नाही आणि करवतही नाही." हिंजवडीच्या कंपनीत रात्रपाळी करणारे, जिल्हा परिषदेत फायली हलवणारे, बँकेत टार्गेटखाली दबलेले, खासगी शाळेत शिकवणारे असे सगळे हेच सांगतात. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याची आणि पैशांची माहिती भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या नोकरदारांना धरून आहे.

सोमवार कुणालाच आवडत नाही. मग माझा त्रास वेगळा कशावरून?

थकवा विश्रांतीने जातो. मार्चअखेर संपला, ऑडिट पार पडलं, चार दिवस गावी जाऊन आलं की माणूस ताळ्यावर येतो. कंटाळाही प्रत्येक कामात असतो आणि त्यासाठी कुणी समुपदेशकाकडे यायची गरज नाही.

तुमचं दुखणं त्यापलीकडचं आहे का, हे ओळखायला काही खुणा आहेत. रविवारी दुपारचं जेवण झालं की पोटात गोळा येतो. आठवड्याची रजा घेऊनही परतताना तितकंच जड वाटतं. ऑफिसातलं कुणाला बोलता येत नाही, म्हणून राग मुलांवर निघतो. गाणं, क्रिकेट, मैत्रिणींचा कट्टा, जे काही आधी आवडायचं ते आता नको वाटतं. आणखी एक खूण लोक फार उशिरा, खाली मान घालून सांगतात: "वाटेत गाडीला छोटासा अपघात व्हावा, म्हणजे आज जावं लागणार नाही, असं मनात येतं." हा विचार एकदाच आला असला तरी हलक्यात घेऊ नका. मन सुटकेची वाट शोधतंय आणि त्याला दुसरी वाट दिसत नाहीये, असा त्याचा अर्थ आहे.

"अडकलोय" असं वाटतं खरं, पण नेमका कशात अडकलोय तेच कळत नाही.

"सोडू की नको" हा प्रश्न लोक वर्षानुवर्षं चघळतात आणि तिथेच थांबतात. त्याच्या आधी दुसरा प्रश्न यायला हवा: मला काय बांधून ठेवतंय? मी समोरच्याला कागदावर लिहायला लावते. बहुतेकांच्या कागदावर चार प्रकारचे दोर निघतात.

पहिला पैशाचा. घराचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे, मुलांची फी, आईवडिलांची औषधं. दुसरा माणसांचा. वडिलांनी शेत विकून शिकवलं, सासरच्यांनी "पर्मनंट आहे" म्हणून मुलगी दिली, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचंय. तिसरा भीतीचा: आपल्याला दुसरं काही येतच नाही, मुलाखतीला गेलो तर फजिती होईल, आणि नवी जागा याहून वाईट निघाली तर? चौथा कागदाचा. बॉण्ड, नोटीस पीरियड, ग्रॅच्युइटीला कमी पडणारी दोन वर्षं, सेवापुस्तकातल्या नोंदी.

हे चार दोर वेगळे करणं फार गरजेचं आहे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. कागदाचा दोर वकिलाकडे तासभर बसलं तर बऱ्याचदा सैल होतो. पैशाच्या दोराला हिशेब लागतो आणि वेळ लागतो. माणसांचा दोर बोलल्याशिवाय सुटत नाही. भीतीचा दोर छोट्या छोट्या प्रयत्नांनी झिजतो, विचार करत बसलं की उलट घट्ट होतो. सगळे एकत्र पिळून एकच जाड दोरखंड दिसतो, तेव्हा माणूस हात टेकतो. वेगवेगळे मांडल्यावर पुष्कळांना कळतं की पैशाचं नाव पुढे केलं होतं, धरून ठेवलं होतं भीतीने. काहींचं नेमकं उलट निघतं. ते स्वतःला भित्रे समजत असतात, पण त्यांची अडचण खरोखर पैशाची असते. अशा माणसाला "धाडस कर, उडी मार" म्हणणं हा अन्याय आहे.

त्रास कामाचा आहे की साहेबाचा, हे कसं ओळखू?

एक सोपी कल्पना करून बघा. हेच काम, हाच पगार, पण साहेब बदलला. जीव हलका झाला का? झाला तर बदली किंवा दुसरा विभाग मागणं हा पहिला प्रयत्न. आता उलटं करा: साहेब देवमाणूस आहे, पण काम हेच. तरीही छातीवर दगड असेल तर दुखणं कामात आहे आणि कंपनी बदलून फारसा फरक पडणार नाही. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गेलेली आणि सहा महिन्यांत पुन्हा तिथेच येऊन पोहोचलेली माणसं मी पाहिली आहेत.

तिसरी शक्यता कुणी लक्षात घेत नाही. काम ठीक, साहेब ठीक, पण येण्याजाण्यातच जीव जातो. बदलापूर किंवा विरारहून रोज लोकलने दक्षिण मुंबई गाठणाऱ्याच्या थकव्यातला किती भाग नोकरीचा आणि किती प्रवासाचा, हे आधी तपासायला हवं.

अमेरिका आणि स्वीडनमधल्या आकडेवारीचा आधार घेऊन अमेरिकन संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 साली एक मांडणी केली, ती मला आजही उपयोगी वाटते. नुसतं काम जास्त असण्याने माणूस तितका मोडत नाही. कामाचा बोजा जास्त आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं यावर आपला काहीच ताबा नाही, ही जोडी माणसाला मोडते. म्हणून स्वतःला विचारा: माझ्या दिवसातला किती भाग माझ्या हातात आहे?

नकोशा नोकरीमुळे खरंच शरीर आजारी पडतं, की हे सगळं मनाचं आहे?

मनाचं म्हणून शरीराचं नाही, असं काही नसतं. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास वर्षानुवर्षं केला. 'व्हाइटहॉल' या नावाने तो ओळखला जातो. पहिला टप्पा 1967 साली सुरू झाला, दुसरा 1985 साली. शिपाई आणि तळातले कर्मचारी हृदयविकाराने दगावण्याचं प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या तीनपटीहून जास्त निघालं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे सगळं धरूनही तफावत पूर्ण सुटली नाही. दुसऱ्या टप्प्यात दिसलं की कामावर ताबा कमी असणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. ही माणसं उपाशी नव्हती, बेकार नव्हती. सगळ्यांची सरकारी नोकरी होती. आपल्याकडे "सरकारी आहे ना, मग काय त्रास?" म्हणतात, त्यांनी हा अभ्यास ध्यानात घ्यावा.

तासांचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो, असं त्यात म्हटलं आहे.

रोजच्या पातळीवर दिसतं ते असं: झोप उडणं, पहाटे चारला जाग येऊन ऑफिसचे विचार सुरू होणं, ॲसिडिटी, मानेचं आणि पाठीचं दुखणं, वाढलेलं वजन, वाढलेली सिगारेट, शुक्रवारची दारू बुधवारवर येणं. यातलं शेवटचं घरात सगळ्यांना दिसत असतं, बोलत कुणी नाही.

हे बर्नआउट आहे की डिप्रेशन?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू आहे. तिच्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताळला न गेल्यामुळे निर्माण होणारी स्थिती, असं त्याचं वर्णन आहे. तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती निथळून गेल्यासारखी वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. हा शब्द फक्त कामाच्या संदर्भात वापरायचा, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

डिप्रेशन ऑफिसच्या गेटबाहेर थांबत नाही. उदासी किंवा कशातच रस नसणं हे दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त काळ चालू असेल, सोबत झोप आणि भूक बिघडली असेल, स्वतःबद्दल अपराधी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि पहिल्यातून दुसरं उद्भवताना मी पाहिलं आहे.

डॉक्टरकडे गेलात की रक्ताची तपासणीही करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता खूप आढळते, आणि तिचा थकवा नोकरीच्या माथी मारला जातो. औषधाने जाणाऱ्या थकव्यासाठी कुणी राजीनामा देऊ नये.

आणखी एक कळकळीची विनंती. डिप्रेशन तीव्र असताना आयुष्यातले मोठे निर्णय शक्यतो पुढे ढकला. त्या काळात मनाला सगळेच दरवाजे बंद दिसतात. आधी रजा, मग उपचार, मग निर्णय. कामाच्या जागी छळ किंवा धोका असेल तर मात्र तिथून बाहेर पडणं आधी.

कधी कधी वाटतं, संपवून टाकावं सगळं. हे कुणाला सांगू?

आजच सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 हा नंबर लावा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर 112. घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला "मला आज एकटं सोडू नकोस" एवढं म्हटलं तरी पुरे.

जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. राज्यात ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात दाखल न होताही तपासून घेता येतं. "तिथे कुणी पाहिलं तर" या भीतीने जाणं लांबवू नका. पोलिसांचीही भीती नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करण्यापेक्षा उपचार देण्यावर भर आहे.

सरकारी नोकरी आहे. लोक नशीबवान म्हणतात. मला मात्र कोंडल्यासारखं होतं. मी कृतघ्न आहे का?

नाही. अनुकंपा तत्त्वावर लागलेल्यांचं दुःख तर मला सर्वांत अबोल वाटतं. वडील गेले, घराचा आधार गेला, आणि विशीतल्या मुलाला किंवा मुलीला गट क किंवा गट डच्या जागेवर बसवलं. त्या खुर्चीबद्दल तक्रार करणं म्हणजे वडिलांच्या मरणाबद्दल कृतघ्न होणं, असं त्यांना वाटतं. दोन भावना एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नोकरीने घर तारलं हे खरं, आणि ती तुमच्या स्वभावाची नाही हेही खरं.

आता व्यवहाराचं. सरकारी माणसाने तडकाफडकी राजीनामा देऊ नये. सेवेचा राजीनामा दिला की नियमानुसार आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी जप्त होते. परवानगी घेऊन, योग्य मार्गाने अर्ज करून दुसऱ्या सरकारी सेवेत गेलात तर ती धरली जाते. म्हणून ना हरकत प्रमाणपत्र आणि राजीनाम्याच्या पत्रातला मजकूर याला फार महत्त्व आहे. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्या आणि जुन्या निवृत्तिवेतन नियमांखाली असलेल्या राज्य कर्मचाऱ्याला 20 वर्षांच्या अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. नंतर लागलेल्यांनी आपल्या खात्यातली रक्कम आणि त्यांना लागू असलेले नियम आस्थापना शाखेतून लेखी समजून घ्यावेत.

राजीनाम्याच्या आधीही पायऱ्या आहेत: विनंती बदली, दुसऱ्या शाखेत टेबल बदलून घेणं, अध्ययन रजा, असाधारण रजा, विभागीय परीक्षा, प्रतिनियुक्ती. टेबल बदलल्यावर माणूस बदललेला मी पाहिला आहे. आवक-जावकमध्ये कोमेजलेली एक बाई प्रशिक्षण विभागात गेली आणि तिथे रमली. पगार तोच, खातं तेच.

संस्थेत पैसे भरून शिक्षक म्हणून लागलो. आता सोडलं तर ते पैसे बुडाले ना?

ते गेले. थांबलात तरी ते परत येणार नाहीत. हे ऐकायला कठोर आहे, पण पुढची वीस वर्षं त्या रकमेच्या नावाने लिहून द्यायची का, हा हिशेब वेगळा करायला हवा. अनुदान येण्याची खात्रीची शक्यता असेल, शासन निर्णय हातात असेल, तर थांबण्याला अर्थ आहे. "पुढच्या अधिवेशनात होईल" एवढ्यावर दशकं काढलेले शिक्षक महाराष्ट्राने पाहिले आहेत. ते आझाद मैदानावर बसले, पावसात भिजले. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. म्हणूनच म्हणते, थांबायचं तर मुदत ठरवून थांबा.

आणि कोऱ्या कागदावर सही देऊ नका. खासगी शाळा कर्मचाऱ्यांसाठीच्या 1977 च्या कायद्यात कलम 7 मध्ये राजीनामा कसा द्यायचा याची पद्धत घालून दिली आहे, ती जबरदस्तीने घेतलेल्या राजीनाम्यांना आळा बसावा म्हणूनच.

घराचा हप्ता डोक्यावर आहे. मला सोडायची मुभाच नाही ना?

आज नसेल. पण "कधीच नाही" आणि "आज नाही" यात फरक आहे, आणि तो आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही.

घरखर्चाची किमान रक्कम काढा: हप्ता, किराणा, वीज, फी, औषधं, विमा. उदाहरणादाखल ती 45,000 रुपये धरू. सहा महिन्यांची तरतूद म्हणजे 2,70,000. दरमहा 12,000 बाजूला टाकता आले तर साधारण दोन वर्षं लागतात. वार्षिक बोनस किंवा घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाचा हातभार मिळाला तर कमी. दोन वर्षं मोठी वाटतात, पण तारीख नसलेल्या शिक्षेपेक्षा तारीख असलेली दोन वर्षं सोसता येतात. हा बदल मी लोकांच्या चेहऱ्यावर पाहते. नोकरी तीच असते, पण तिच्याकडे बघताना शेवट दिसू लागतो.

या काळात नवा हप्ता घेऊ नका. नोकरी नकोशी झाली की माणूस स्वतःला खूश करायला मोठी गाडी घेतो, आणि त्या गाडीच्या हप्त्यासाठी नोकरी आणखी पाच वर्षं घट्ट धरतो.

बॉण्ड आहे, नोटीस पीरियड 90 दिवसांचा आहे. कंपनी अडवू शकते का?

तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार धंदा-व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. त्यामुळे नोकरी सोडल्यावर "प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही" ही अट सहसा टिकत नाही. गोपनीय माहिती नेली तर मात्र गोष्ट वेगळी.

बॉण्डचं तसं नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षं सेवा, नाहीतर दोन लाख रुपये भरपाई ही अट वैध ठरवली. म्हणजे "बॉण्ड म्हणजे नुसता कागद" हे कट्ट्यावरचं ज्ञान धोक्याचं आहे. रक्कम वाजवी आहे का, कंपनीने खरोखर प्रशिक्षणावर किंवा भरतीवर खर्च केला का, हे पाहिलं जातं. वकिलाला करार दाखवा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका.

नोटीस पूर्ण करा किंवा पैसे भरून सोडवून घ्या. न सांगता जाणं बंद केलं तर रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला अडकतो आणि पुढच्या ठिकाणी तोच मागतात.

निघताना कोणते पैसे हातचे जाऊ शकतात?

ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षांच्या सेवेवर मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. चार वर्षं झाली असतील तर एक वर्ष थांबणं किती रुपयांचं आहे ते काढा. कधी ती रक्कम जिवाच्या त्रासापुढे अगदी किरकोळ निघते. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. राजीनाम्यानंतर बाकी पगार दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याची तरतूदही वेतन संहितेत आहे.

पीएफ काढू नका, नव्या ठिकाणी वर्ग करा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो, शिवाय पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा मोजताना खंड पडतो.

सर्वांत जास्त विसरलं जातं ते आरोग्य विम्याचं. कंपनीची पॉलिसी साधारणपणे नोकरीबरोबर संपते. आईवडील त्यात असतील तर निघण्याआधीच वैयक्तिक पॉलिसी घ्या. एप्रिल 2024 पासून आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, म्हणजे पॉलिसी जितकी लवकर सुरू होईल तितकं बरं. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला विमा कंपन्या बांधील आहेत.

दुसरी मिळेपर्यंत इथले दिवस कसे काढू?

ताबा परत मिळवायचा, थोडाथोडा. ऑफिस सुटल्यावर फोनवरचा कामाचा ग्रुप एका ठरलेल्या वेळेनंतर बंद. साहेबाला आधी सांगून ठेवा: "तातडीचं असेल तर फोन करा, मी घेईन." बहुतेक वेळा फोन येत नाही.

घर आणि ऑफिस यांच्यामध्ये थोडा वेळ ठेवा. स्टेशनपासून चालत येणं, तालमीत जाणं, भजनाला बसणं, काहीही चालेल, फक्त तिथे ऑफिस नको. जेवणाच्या सुट्टीत त्याच त्या तक्रारी उगाळणारं टोळकं असतं, त्यांच्याबरोबर रोज बसू नका. मन मोकळं होतंय असं वाटतं, पण दुपारभर तेच डोक्यात घोळतं.

कामाच्या आतही थोडी जागा असते. एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन यांनी 2001 साली मांडलेल्या एका संशोधनात रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचा अनुभव आहे. काही जण रुग्णांशी बोलत, नातेवाइकांना वाट दाखवत, आणि स्वतःला उपचाराचा भाग समजत. त्यांना काम वेगळं वाटत होतं. मला याचा गैरवापर नको आहे: वाईट पगार आणि अपमान यांवर "दृष्टिकोन बदला" हे उत्तर नव्हे. पण दिवसातलं एखादं काम, नव्या मुलांना शिकवणं म्हणा किंवा गावाकडून आलेल्या म्हाताऱ्याला फॉर्म भरून देणं म्हणा, जिवाला बरं वाटणारं असेल तर ते मागून घ्या.

आणि आठवड्यातले चार तास फक्त बाहेर पडण्याच्या तयारीला. बायोडेटा, एक कोर्स, जुन्या सहकाऱ्याला फोन. रोज रात्री दमलेल्या डोक्याने नोकरीच्या जाहिराती चाळत बसू नका, त्याने नुसती निराशा येते.

घरी कसं सांगू? "एवढी चांगली नोकरी" याच्या पुढे बोलणंच जात नाही.

"मला नोकरी सोडायचीय" या वाक्याने सुरुवात करू नका. ऐकणाऱ्याला त्यात फक्त हप्ता, बहिणीचं लग्न आणि नातेवाईक ऐकू येतात. आधी त्रास सांगा: "आई, मला तीन महिने नीट झोप नाही." मग हिशेबाचा कागद. मग मुदत. शेवटी, त्यांच्याकडून काय हवंय ते नेमकं सांगा: "एक वर्ष गावी पाठवायचे पैसे थोडे कमी पडतील, चालेल का?"

लग्न ठरायच्या वयातल्यांची अडचण खरी आहे. पर्मनंट नोकरी हा स्थळाचा अर्धा परिचय असतो. पण लग्न होईपर्यंत रेटायचं आणि मग सांगायचं, असं कुणी ठरवलं तर मी स्पष्टपणे नको म्हणते. जोडीदाराला आधी सांगा. नंतर कळलं की भांडण नोकरीवरून उरत नाही, विश्वासावरून होतं.

बायकांना वेगळंच ऐकावं लागतं: "इतका त्रास होत असेल तर सोडून दे, घरी बस." ते प्रेमाने म्हटलेलं असतं, पण तिला नोकरी नकोय असं नसतं, ही नोकरी नकोय. घरातल्यांनी हा फरक ऐकून घ्यावा.

चाळिशी उलटली. आता काय बदलणार?

स्पर्धा परीक्षांचा दरवाजा बंद झाला असेल. राज्य सेवेत खुल्या गटासाठी 38 आणि मागास प्रवर्गासाठी 43 ही सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा आहे. पण चाळिशीनंतरचा बदल सहसा उडी मारून होत नाही, शेजारच्या दारातून होतो. कारखान्यातला गुणवत्ता तपासनीस प्रशिक्षक होतो, बँकेतला कर्ज अधिकारी कर्ज सल्लागार. वीस वर्षांत जे शिकलात त्याचा नव्वद टक्के भाग सोबत न्या, नाव तेवढं बदला. घरचा व्यवसाय किंवा हॉटेल काढण्याचा विचार असेल तर नोकरीत असतानाच शनिवार-रविवार तिथे राबून बघा. सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियम आधी वाचा, खासगीत असाल तर नेमणूकपत्र.

सोडली की बरं वाटेल ना?

पहिले पंधरा दिवस, नक्की. पुढचं अवलंबून आहे. 1930 च्या दशकात मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावाचा अभ्यास केला. कापडगिरणी बंद पडून गाव बेकार झालं होतं. रिकामा वेळ मिळाला तर लोक वाचतील, एकत्र येतील असं वाटेल. झालं उलट. वाचनालयातली पुस्तकं कमी जाऊ लागली, लोकांची चाल मंदावली. काम पगाराशिवायही बरंच काही देतं: दिवसाला आकार, माणसं, ओळख. गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या घरांनी हे अंगावर काढलं आहे.

दुसरी बाजूही आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की मानसिकदृष्ट्या वाईट दर्जाच्या नोकरीतल्या लोकांचं मानसिक आरोग्य बेकारांपेक्षा चांगलं नव्हतं. म्हणून दोन्हीकडून घाई नको. सोडायच्या आधी, सोडल्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहाला तुम्ही कुठे असाल ते लिहा. ते लिहिता येत नसेल तर तयारी बाकी आहे.

माझा नवरा यात अडकलाय. बोलत नाही, नुसता चिडतो. मी काय करू?

उपदेश आणि तुलना दोन्ही थांबवा. "तुझ्या मित्राला बघ" हे वाक्य तर कायमचं. प्रश्न विचारायचा तर असा: "आज सगळ्यात वाईट काय झालं?" आणि उत्तर आल्यावर उपाय सांगू नका.

घरखर्चाचा कागद तुम्ही काढा. कुठला खर्च सहा महिने थांबवता येईल, तुमच्या पगारात किती भागेल, हे त्याच्यासमोर ठेवा. कित्येक पुरुष कमावण्याचं ओझं एकट्याचंच समजून वाहत असतात, कारण घरात तो आकडा कुणी कधी वाटून घेतलेला नसतो. डॉक्टरची वेळ तुम्ही घ्या, आणि "आपण दोघं जाऊ, माझं बीपीही दाखवायचंय" असं म्हणून सोबत जा. दारू वाढली असेल, रात्री झोपत नसेल, वस्तू वाटून टाकत असेल किंवा "मी नसलो तर तुमचं बरं होईल" असं बोलला असेल, तर थांबू नका. "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात भरत नाही, बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं ठेवू नका, औषधं आणि कीटकनाशकं त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा, आणि त्याच्याजवळ बसूनच 14416 लावा.